दुसरी वेणी

माईने विमलाच्या डोक्यावर विहिरीचं पाणी ओतलं, केस मुठीत धरून पिळले आणि तेलाची वाटी जवळ ओढली. हा क्रम मास्तरांनी, विमलाच्या वडिलांनी, ठरवून दिलेला होता. आधी गोडं पाणी, त्यावर तेल, मग दोन घट्ट वेण्या आणि वरून फडकं. "केस एकदा स्वच्छ पाण्याने भरले, की तळीचं पाणी आत शिरायला जागाच राहत नाही," असं मास्तर शाळेत सांगावं तसं घरात सांगत.

सगळा खटाटोप त्या पांढऱ्या पावडरीमुळे. नवरात्रात पटकी पसरू नये म्हणून कुणीतरी देवळाच्या तळीत ती घमेल्याने ओतली होती. पटकी काही आली नाही. रोज सकाळी तळीत पोहणाऱ्या विमलाचे केस मात्र काथ्यासारखे झाले. कंगवा लावला की तुटून हातात येत. दिवाळीनंतर कोल्हापूरला शर्यत होती आणि रत्नागिरी जिल्ह्यातून जाणारी ती एकटी मुलगी. "बक्षीस घेवक टकली होवन जातलंस काय गो?" म्हणून मास्तर तिला चिडवायचे आणि जास्वंदीची पानं घालून स्वतः तेल कढवायचे. वाटीतलं हे तेलही त्यांनीच कढवलेलं, वेंगुर्ल्याला जायला होडीत बसले त्याच्या आदल्या दिवशी.

होडी रविवारी उलटली. बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले. मास्तर लागले नाहीत. आज गुरुवार होता.

या चार दिवसांत माईला रडू आलं नव्हतं. भीतीही वाटत नव्हती, खरं तर काहीच वाटत नव्हतं. पेज शिजायची, ती वाढायची, भांडी घासायची. सकाळ झाली की हात आपणहून तेलाच्या बाटलीकडे जायचे. एक दिवससुद्धा पोहणं चुकवायचं नाही, असं मास्तर जाताना विमलाला बजावून गेले होते.

"आता तां तेल ठेव गो," ओसरीवरून जानकी म्हणाली. ती मास्तरांची थोरली बहीण, होडी उलटल्याचं कळल्यापासून येऊन राहिलेली. "लोकां बघतत. असल्या दिसांत कोण केसांक तेल लावता?"

"खबर खंय इली हा?" माई म्हणाली. "तुमीच सांगलात मां, सुतक ऐकल्यापासून म्हणान? ऐकल्याबिगर लागणा नाय."

"सांगलंय खरां," जानकी म्हणाली. गावभर ती हे शास्त्र सांगत फिरे, आज ते तिच्याच अंगावर आलं होतं.

उजवी वेणी झाली. माईने डाव्या बाजूचे केस हातात घेतले, तेवढ्यात कुंपणाच्या बेड्याची आडवी काठी सरकल्याचा आवाज आला. तारकर्लीचा शंकर होता. मास्तरांना शोधायला समुद्रात होड्या घालणाऱ्यांत तो पहिला. रोज सकाळी तो बेड्याबाहेरूनच 'नाय' म्हणून हात हलवायचा आणि परत जायचा. आज तो आत आला, तुळशीपर्यंत आला, आणि डोक्याला बांधलेला पंचा त्याने सोडून हातात घेतला.

"वयनीनू," तो म्हणाला.

"थांब रे शंकर." माईने मान वर केली नाही. "वायच बस थंय. चेडवाची दुसरी वेणी रवली हा."

शंकर बसला नाही. त्याने जानकीकडे पाहिलं. जानकीने पदर तोंडाला लावला होता. मग तो उभ्याउभ्याच हातातला कोरडा पंचा पिळू लागला.

तेलाच्या बाबतीत माई हाताची फार घट्ट होती. रोज दोन बोटं बुडतील तेवढंच घ्यायची. वाटीला चिकटलेलं बोटाने पुसून स्वतःच्या केसांना लावायची, निराळं तेल तिने स्वतःसाठी कधी काढलं नाही. आज तिने डावीकडची एक एक बट वेगळी केली आणि मुळापासून टोकापर्यंत चोळली. तुटलेले केस निवडून बाजूला ठेवले. तीन पेडांची वेणी घातली, फीत बांधली, गाठ ओढून पाहिली. घाई केली नाही.

मग तिने बाटलीतलं होतं नव्हतं तेवढं तेल वाटीत घेतलं आणि सगळंच्या सगळं विमलाच्या टाळूवर उपडं केलं. ते कपाळावरून, कानांमागून, मानेवरून तिच्या झंपरात उतरलं.

"माई, किती ओततंस?" विमला म्हणाली. "तळीर जावक उशीर होता माका."

"तेरा दिस आता तुज्या केसांक तेल मेळाचा नाय," माई म्हणाली.

विमला तशीच बसून राहिली. तिने डोळ्यांवर आलेलं तेलसुद्धा पुसलं नाही.

माईने वाटीच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला लागलं तेवढं तेल तिने स्वतःच्या भांगावरून नीट ओढलं, कुंकवाला धक्का न लावता. वाटी पालथी घातली.

"हां," ती शंकरला म्हणाली. "आता सांग."