आधी ऐकायचं

स्वानंदी स्टुलावर चढून नवा राउटर बसवत होती आणि खाली उभे राहून ढुंढिराज तिला सूचना देत होते. लेक पुण्यात याच वायरलेसच्या कामात इंजिनिअर, तरी यांच्या सूचना चालूच.

व्हिडिओ कॉल सारखा अडकतो कशामुळे, असं त्यांनी विचारलं. घरातली सगळी यंत्रं एकाच चॅनेलवर बोलतात, स्वानंदी म्हणाली. प्रत्येकाने आधी कानोसा घ्यायचा, कुणी बोलत नसेल तरच आपलं पाठवायचं. दोघं एकदम बोलली तर दोघांचंही वाया. मग जरा थांबून पुन्हा प्रयत्न करायचा.

ढुंढिराजांची कळी खुलली. पाटबंधारे खात्यात असताना गंगापूर धरणावरचा बिनतारी संच त्यांच्याकडे होता. पावसाळ्यात नदीकाठची सगळी ठाणी एकाच चॅनेलवर. आधी ऐकायचं, मग बटण दाबून पाण्याची पातळी सांगायची, 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचं. घाई करणाऱ्याला सगळे मिळून झापायचे. काय माणसं होती ती, असं ते म्हणाले.

"तेव्हा... मी..." खुर्चीतून त्यांची पत्नी मालिनीबाई म्हणाल्या. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचे शब्द उशिरा यायचे. बोलत्या राहिल्या नाहीत तर आहे तेही बोलणं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेव्हा तू डबा पाठवायचीस, तेच ना, म्हणून ढुंढिराजांनी वाक्य पुरं करून टाकलं. आईला चहा हवा असेल, असं स्वानंदी म्हणाली. दोघंही मायेनंच बोलत होती. मालिनीबाईंनी नकारार्थी मान हलवली, ओठ उघडले आणि मिटले. हल्ली त्या असंच सोडून द्यायच्या.

त्यांचे मिटलेले ओठ पाहून ढुंढिराजांना बिनतारी संचाचा नियम आठवला. मग ते खुर्ची ओढून बायकोसमोर बसले.

"स्वानंदी, आता कुणी बोलायचं नाही. चॅनेल हिचा."

स्वानंदी दोनदा बोलायला गेली आणि थांबली.

"पुरात... खात्याच्या कॉलनीच्या ऑफिसात... दुसरा संच होता ना... त्याच्या खिडकीशी... उभी राहायचे." मालिनीबाईंनी दम घेतला. "तुमचा आवाज आला... की मगच... जेवायचे."

इतक्या वर्षांत ढुंढिराजांना हे ठाऊक नव्हतं.

"आई, हे तू कधी..."

ढुंढिराजांनी हात वर करून लेकीला थांबवलं. मालिनीबाईंचं अजून संपलं नव्हतं.