जुन्या स्प्रिंगा

"गाडी कोणाची?" गॅरेजवाल्या हिंदुरावनं विचारलं.

"पुतण्याची," श्रीधरपंत म्हणाले. "स्प्रिंगा बदलून जमिनीलगत खाली करून हवी आहे. आणि चाकं मोठी. आपण करता असं ऐकलं."

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. शनिवार पेठेतल्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली, त्यात 'समजा' म्हणायची वेळ यायची, तेवढंच. पण आज वारज्यापर्यंत येताना बसमध्ये त्यांनी हे वाक्य चार वेळा मनाशी म्हणून पाहिलं होतं. खिशात वकिलानं तयार करून दिलेला तक्रारअर्ज होता. त्यात सगळं लिहिलं होतं. फक्त मेकॅनिकच्या नावाची जागा कोरी होती.

त्यांचा मुलगा सुश्रुत जाऊन आठ महिने झाले होते. आत्याकडच्या मुंजीचं सामान घेऊन तो साताऱ्याला निघाला होता. श्रीधरपंत आणि त्यांच्या पत्नी पद्मजाबाई आदल्या दिवशीच एसटीनं पुढे गेले होते. खेड शिवापूरच्या पुढे मागचं टायर फुटलं. पोलिसांनी स्पष्टच सांगितलं, गाडी खाली केलेली, त्यात चाकं मोठी, वर भरपूर वजन. टायर आतून घासत राहिलं, शेवटी फाटलं.

श्रीधरपंत त्या गाडीत एकदाच बसले होते. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडत होतं आणि त्यांची कंबर ठणकत होती. "हिला गाडी म्हणत असतील तर घसरगुंडीला काय म्हणायचं?" असं विचारून ते लक्ष्मी रस्त्यावरच उतरले आणि रिक्षा करून घरी आले. त्यानंतर बापलेकांत कामापुरतंच बोलणं उरलं.

सुश्रुतच्या टेबलाच्या खणात परवा या गॅरेजचं कार्ड सापडलं. "ज्यानं ती गाडी खाली केली, त्यानं माझा मुलगा मारला," हे वाक्य आठ महिन्यांत त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं होतं. आता त्या माणसाचा पत्ता मिळाला होता.

"नका जाऊ," पद्मजाबाई सकाळी म्हणाल्या. "काय सापडणार आहे तिथं?"

"नाव," ते म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले.

हिंदुरावनं हात पुसले आणि त्यांना स्टूल दिलं. पन्नाशीचा, दांडगा माणूस. गॅरेज त्याच्याच वावरात होतं. वावराच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठलेल्या.

"बसा काका. खरं सांगू? करू नका."

श्रीधरपंत चमकले. हा माणूस फुशारक्या मारील, असं ते धरून आले होते.

"का? पैसे देतो की."

"पैशाचं न्हाय. नुसती मोठी चाकं घाला, चालतंय. जरा खाली करा, तेबी चालतंय. दोन्ही एकदम केलं की चाकाला वर सरकायला जागा ऱ्हात न्हाय. चार माणसं बसली की टायर घासलंच. मी करत न्हाय. झालेलं काढून देतो."

"काढून देता?"

"हां. पोरं हौसेनं करत्यात, मग कंटाळून माझ्याकडं येत्यात." तो भिंतीकडं वळला. कोपऱ्यात चार चाकांवर चार स्प्रिंगा पडल्या होत्या, धुळीनं माखलेल्या. "ह्या बघा. लग्नसराईत एक पोरगं आलं हुतं. तुमच्यासारखंच शुद्ध बोलायचं. गाडी दुसऱ्यानं खाली करून दिलेली. म्हणलं, काय झालं रं? तर म्हणाला, काका, कंपनीची जुनी चाकं नि जुन्या स्प्रिंगा आणल्यात, गाडी हुती तशी करून द्या. माझे बाबा हिच्यात बसत न्हाईत."

श्रीधरपंतांनी स्टुलाची कड धरली.

"त्यांची कंबर दुखती म्हणाला. त्यांना सांगणार नव्हता. नुसती दारात नेऊन उभी करणार, आन् म्हणणार, बसा."

"मग?" त्यांनी विचारलं. "या स्प्रिंगा इथं कशा? बसवल्या का नाहीत तुम्ही?"

"बसवत हुतो की! मागची एक बाजू खोलली हुती. टायर आतून कापलेलं दिसलं, म्हणलं, ही गाडी आता भरून न्यायची न्हाय. उद्या दुपारी घेऊन जा. त्यालाबी पटलं. तेवढ्यात फोन आला."

"कोणाचा?"

"बापाचाच असंल. हे 'बाबा, बाबा' करत हुतं. गाडी खोललीय, उद्या येतो, एवढंच सांगू बघत हुतं, पर पलीकडचा माणूस बोलूच देईना. आवाज असा की मला हितं जॅकपाशी ऐकू येत हुता. पोरगं सगळं ऐकून घेऊन नुसतं 'बरं' म्हणालं. मला म्हणालं, काका, परत हाय तसं जोडा, जायलाच पायजे, परवा आणतो. मी लई सांगितलं. ऐकलं न्हाय. बापाच्या शब्दाबाहेर न्हाय बघा असली पोरं."

एक गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवू लागली. हिंदुरावनं हातानंच तिला थांबवलं.

"परवा म्हणून गेलं, अजून आलं न्हाय. मी आपलं सामान ठेवलंय. पर त्या बापाचं बोलणं काय डोक्यातनं जात न्हाय. पोटच्या पोराला कुणी असं बोलतंय? काय म्हणाला बरं... 'तुझे गाडीचे चोचले...'"

तो आठवू लागला. श्रीधरपंत स्टुलावरून उठले. उन्हात येऊन उभे राहिले, आणि त्याच्याकडे न बघता, वर्गात सिद्धांत सांगावा तसे एकेक शब्द सुटा करत म्हणाले,

"'तुझे गाडीचे चोचले पुरे झाले. सामान आज संध्याकाळी साताऱ्यात पोचलं पाहिजे. नाहीतर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.'"