शेळीला सांगितलेली थंडी

"रेडिओवाला म्हनून राहिला, हवा कोरडी राहील, पहाटं लई गारठा पडंल," हिरासिंगने शेळीला सांगितलं. "फुलातला हरभरा करपंल म्हनं. बांधावर धूर करा म्हनं."

शेळी रवंथ करत राहिली. तिच्यापलीकडे चुलीपाशी नानीबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"शेळे, त्यांना म्हनावं, आयकलं. करते धूर," तीही शेळीलाच म्हणाली.

हिरासिंग खाकरला आणि रेडिओ काखेत मारून घराकडे वळला.

नानीबाई त्याची चुलतभावजय. तिचा नवरा रामसिंग जिवंत असताना बांधावरून दोन्ही घरांत जुंपली होती. तेव्हा हिरासिंगने सगळ्या तांड्यासमोर शपथ घेतली, की रामसिंगच्या रानात पाय ठेवणार नाही आणि त्याच्या घरच्यांशी तोंडाने बोलणार नाही. रामसिंग गेला, शपथ राहिली. शेळीशी बोलणार नाही, असं मात्र तो कधी म्हणाला नव्हता.

एरवी हे निभून जात असे. पण हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी पाऊस लवकर परतला आणि साखऱ्याकडच्या त्या तांड्यावर ऊसतोडीचा ट्रकही लवकर आला. हिरासिंगची सून-पोरगा गेले. नानीबाईचा पोरगा देविदास तर सगळ्यांच्या आधी, दसऱ्यालाच बायकोला घेऊन गेला. घरांना कुलपं लागली. हातपाय थकलेली चार-दोन माणसं मागे राहिली. त्यांतलीही बहुतेक अंधार पडायच्या आत दार लावून घेत. हिरासिंगला घर खायला उठे.

त्याचा हरभरा ओढ्याकाठच्या खोलगट रानात होता. विहिरीला थोडं पाणी होतं म्हणून तरारला होता. पौषात थंडीची लाट आली, तेव्हा पहिल्याच सकाळी पानांवर मीठ सांडल्यागत दहिवर गोठलेलं दिसलं. वर्षाचं पीक ते तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून ओल्या पाचोळ्याचा धूर करू लागला.

ओढ्यापलीकडे, चढावर, नानीबाईचं रान. बांधावर बोरीबाभळींची अशी दाटी, की आतलं काही दिसायचं नाही. तिचा हरभरा दरवर्षी ह्याच्यापेक्षा सरस यायचा आणि दरवर्षी ह्याची जळजळ व्हायची, त्यामुळे दिसत नव्हतं तेच बरं होतं. पण त्याने शेळीला पहिल्यांदा थंडीचं सांगितलं त्याच्या दुसऱ्या पहाटे झाडांखाली तिचीही शेकोटी पेटली. धूर चढावरून सावकाश उतरला आणि ह्याच्या रानावर पसरला. फुकटचा धूर मिळाला म्हणून हिरासिंग आधी खूश झाला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण धुराकडे बघतच नाही. आपण त्या जाळाकडे बघतो आहोत. तिथं कुणीतरी जागं होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी बातम्या ऐकून तो शेळीकडे जाऊ लागला.

मग एका संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, की लाट ओसरली, किमान तापमान वाढेल, पिकांना धोका नाही. हिरासिंगने रेडिओ बंद केला. मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. उलट त्याला रडू फुटेलसं झालं. उद्या पहाटे पलीकडे अंधार असणार होता.

तो उठला आणि नानीबाईच्या अंगणात गेला.

"गारठा हायच अजून," त्याने शेळीला सांगितलं. "वाढंल म्हनं."

"शेळे, त्यांना इचार," नानीबाई म्हणाली, "अजून किती दिस राहनार हाय?"

"लई दिस म्हनून राहिला."

तिने क्षणभर हात थांबवला. "शेळे, च्या उरलाय. घेतात का इचार."

"दिला तर घेतो म्हनावं."

असे बरेच दिवस गेले. हिरासिंग रोज खोटं बोलत होता आणि रोज चहा पीत होता. दोन्हीही अंगवळणी पडलं.

एकदा कप खाली ठेवताना त्याचं लक्ष तिच्या गोठ्याकडे गेलं. गोठ्याला भिंतीऐवजी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा कूड होता, तो अर्धा उपसून काढलेला होता. आतलं दावं, गव्हाण सगळं उघडं पडलं होतं.

"शेळे, कूड काहून मोडला?" त्याने विचारलं.

"जाळायला काय तरी लागतंच की," नानीबाई शेळीला म्हणाली.

त्या रात्री हिरासिंगला झोप लागली नाही. आपल्या एका थापेपायी म्हातारीने गोठा मोडून जाळला, हे त्याच्या मनाला फार लागलं. आता सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. आणि शेळीला नाही, तिलाच.

पहाटे पलीकडे जाळ दिसताच तो निघाला. ओढा ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो रामसिंगच्या बांधावर चढला, तेव्हा उजाडलं होतं. बाभळीखाली नानीबाई जाळात पऱ्हाट्या सारत बसली होती.

"भावजय," तो म्हणाला. तो जाळाच्या जवळ आला. "भावजय, गारठा कवाच सरला. रेडिओवाला बराबर सांगत होता, मीच लबाड बोललो. मला लई एकलं वाटून राहिलं होतं. आता तकलीफ करू नका. तुमच्या हरभऱ्याला काई होत न्हाई."

नानीबाईने त्याच्याकडे सरळ पाहिलं. मग ती थोडी सरकली आणि जाळाजवळ त्याला बसायला जागा केली.

"कोन्ता हरभरा?" ती म्हणाली.

हिरासिंगने तिच्या मागे नजर टाकली. बांधापासून पार टेकडीपर्यंत रान उघडं पडलं होतं; पावसाळ्यातल्या ज्वारीची वाळकी धसकटं तेवढी उभी होती, आणि त्या साऱ्या रानात यंदा कुणी एक दाणासुद्धा पेरलेला नव्हता.