उलटं गुणोत्तर

लॅबच्या पाकिटातला कागद लेकीनं भावजयीपुढे धरला.

"परवा आईचं रक्त घेतलं ना? वाचला मी रिपोर्ट. अल्ब्युमिन दोन पॉइंट सहा! निदान साडेतीन तरी लागतं, वहिनी."

भावजय भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला, हात पुसले, कागद पाहिला आणि घडी घालून परत दिला.

"हळू बोला. आई ऐकतील."

"ऐकू देत! अल्ब्युमिन म्हणजे प्रथिन. पोटात अन्न नसलं की उतरतं. काय खायला घालता तिला?"

"दोघी एकच खातो."

"दादा गेल्यापासून ती तुम्हाला जड झालीय, असं सरळ सांगा ना."

भावजयीनं मान खाली घातली. आतल्या खोलीतला रेडिओ एकदम बारीक झाला.

गप्प बसली, म्हणजे चोरी पकडली गेली, असं लेकीनं धरलं. आईला आपल्या घरी न्यायचं ठरवूनच ती तडक दवाखान्यात गेली.

कागद टेबलावर ठेवून "अल्ब्युमिन बघा, घरात उपासमार चाललीय," एवढंच ती बोलली.

"नुसत्या अल्ब्युमिनवर जाऊ नका. खालची ओळ बघा. ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातलं दुसरं प्रथिन, तीन पॉइंट नऊ, चढलेलं. एरवी अल्ब्युमिन त्याच्याहून जास्त असतं. इथे उलटं झालंय, म्हणून दोन्हींचं गुणोत्तर एकच्याही खाली आलंय."

"म्हणजे उपासमारच ना?"

"नुसतं कमी खाल्ल्यानं ग्लोब्युलिन असं चढत नाही. अल्ब्युमिन यकृतात तयार होतं. मला यकृताचीच शंका आहे. पुढच्या तपासण्या लिहून दिल्यात. यात जेवणाचा काय दोष?"

लेकीचे कान तापले. वहिनीनं एवढं ऐकून घेतलं, उलट एक शब्द नाही. आणि आपण? चार महिन्यांत दोनदा फोन केला, आज उगवलो आणि नको ते बोलून बसलो.

"फार बोलले हो मी वहिनींना," ती पुटपुटली. "जाऊन माफी मागते. आईला हे कसं सांगायचं, तेवढं सांगा."

"आईंना?" डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्याकडे फिरवला आणि वयाच्या रकान्यावर पेन टेकवलं. बेचाळीस. "परवा दोघींचंही रक्त घेतलं, आद्याक्षरही एकच, म्हणून गोंधळ झाला असेल. तुमच्या आई ठणठणीत आहेत. हा रिपोर्ट वहिनींचा. कालच फोनवर सगळं सांगितलंय मी त्यांना. बोलल्या नाहीत?"