पाकळीला पोचा

“बंद कर ते! आधी बंद कर!” सुधींद्र सरांनी चहाचा कप टेबलावर आदळला. “ही काय पाकळी म्हणायची? पोचा आलाय तिला. घासताना आपटलेल्या तांब्यासारखी दिसतीय.”

श्रीनिधीनं पडद्यावर फिरणारी रेघ थांबवली. “कुठं पोचा, अप्पा?”

“कुठं म्हणजे? हे काय, डावीकडं. डोळे आहेत ना तुला?”

श्रीनिधी दात आवळून “करतो दुरुस्त” म्हणाला आणि लॅपटॉप उचलून आपल्या खोलीत गेला.

रविवारी धारवाडला कॉलेजचा हीरक महोत्सव होता. सरांनी तिथं जन्मभर गणित शिकवलं. हातात नुसता खडू घेऊन ते फळ्यावर समीकरणातून निघणारा आठ पाकळ्यांचा गुलाब असा काही काढायचे, की मागच्या बाकावरची उनाड पोरंसुद्धा टाळ्या वाजवायची. तोच गुलाब आता सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर उमलणार होता. श्रीनिधीनं वर्गातल्या जुन्या फळ्याचा फोटो काढून आणला, त्यावर खडूच्या रेघेचा थर चढवला आणि रेघ अशी पळवली, की बघणाऱ्याला वाटावं सरांचाच हात फिरतोय. समीकरण बापाचं, ते हलवणारा लेक. पत्रिकेत दोघांची नावं शेजारी शेजारी छापली होती, आणि त्यांच्या नवनगरातल्या घरात हे अप्रूपच होतं. श्रीनिधीनं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून हे ग्राफिक्सचं काम धरलं, तेव्हापासून अप्पा त्याला ‘चित्रं नाचवणं’ म्हणत आले होते. लोकांनी विचारलं तर “मुलगा? आहे की, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो,” एवढंच सांगत. पत्रिका आली त्या दिवशी मात्र ती त्यांनी स्वतः फ्रिजवर चिकटवली होती.

आणि आता हा पोचा!

खरं सांगायचं तर अलीकडं सरांचा पारा सगळ्यांवरच चढलेला असे. न्हाणीघरात नव्या फरश्या बसवल्या, तर “वाकड्या बसवल्यास” म्हणून गवंड्याला झापून हाकललं. स्कूटर गेटला घासली, तर दोष गेटच्या खांबाचा. पेपरवाल्याशी भांडण झालं ते वेगळंच. “वय झालं की माणूस असंच करतं रे,” सुलभाबाई मुलाला समजावत. “तू मनावर घेऊ नकोस.”

घेऊ नकोस म्हणे! सगळ्यांनी घ्यायचं नाही, आणि त्यांनी बोलायचं.

दुसऱ्या दिवशी श्रीनिधीनं पुन्हा लॅपटॉप समोर ठेवला. सरांनी मान पुढं काढून पाहिलं.

“आता उजवीकडं आला. इथनं काढलास नि तिथं ढकललास. अरे, मी काय मूर्ख वाटलो तुला?”

तिसऱ्या खेपेला तो मधोमध निघाला.

“साकु!” सर कानडीत ओरडले. “बास झालं तुझं!” त्यांनी फोन उचलला. “प्राचार्यांना सांगतो, रविवारी स्टेजवर फळा ठेवा. मी माझ्या हातानं काढीन. आणि पत्रिकेतलं तुझं नाव कापायला लावतो. माझ्या गुलाबाची अशी विटंबना करणाऱ्याशेजारी माझं नाव नको.”

श्रीनिधीचा चेहरा लालबुंद झाला.

“करा फोन! पण आधी ऐका. मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. तिन्ही वेळा तीच फाईल दाखवली तुम्हाला. तीच! एका रेघेचा फरक नाही. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, एकदा मध्ये. तुम्ही जिथं बघाल तिथं पोचा! तुम्ही गुलाब बघतच नाही, अप्पा. तुम्ही मला बघता.”

“श्रीनिधी, हळू बोल!” स्वयंपाकघरातून सुलभाबाई हातातल्या पळीसकट बाहेर आल्या.

“नाही, आई. आज बोलणार. ती रेघ मी काढतच नाही. समीकरण घातलं की सॉफ्टवेअर काढतं, आणि समीकरण यांचं आहे. पण माझा हात लागला ना, मग वाकडंच दिसणार यांना.”

सरांनी फोन खाली ठेवला.

“मी खोटं बोलतो? चाळीस वर्षं पोरांची एक चूक सोडली नाही मी, आणि खोटं बोलतो? लाव परत. तुझ्या आईसमोर लाव. बोट ठेवून दाखवतो.”

“लावतोच!” श्रीनिधीनं रागारागानं बटणं आपटली. “काही लपवलं म्हणाल, म्हणून सगळं काढून टाकतो. हा गेला फळा. हा गेला खडू. ही रेघ पण गेली. आता नुसती रेघ आणतो, मग ठेवा बोट.”

पडद्यावर बारीक चौकोनांची जाळी तेवढी उरली. ती कुणी काढलेली नसते. माप धरायला सॉफ्टवेअर आपणहून दाखवतं, वहीतल्या आलेखाच्या कागदासारखी.

रेघ परत आणायला श्रीनिधीनं माऊसकडं हात नेला. पण सर खुर्ची ओढून आधीच पडद्याला नाक लावून बसले होते.

“रेघ राहू दे! ही जाळीच बघ की तुझी. जाळी धड काढता येत नाही, निघाला गुलाब फुलवायला! इथं चौकोन आत दबलेत. हे बघ.” त्यांचं बोट सरकलं, बोटामागं नजर सरकली. “इथं पण. आणि इथं. सुलभा, ये इकडं, तूच बघ. बघ आणि सांग याला, कोण खोटं बोलतंय ते!”

सुलभाबाईंनी वाकून पाहिलं. मग मुलाकडं पाहिलं.

“सांग की!” सर ओरडले.

श्रीनिधीचा हात माऊसवर तसाच राहिला होता. तो उठला, खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसला.

“अप्पा,” तो म्हणाला, “जरा एक डोळा झाका बघू.”