निम्मा तालुका गावडे

"हा संगणक अडाणी आहे!" दवाखान्याच्या नोंदी संगणकावर आणायला आलेली मी वैतागले. कागद पटकन सापडावा म्हणून आडनावांची सूची मी स्वतः त्यात बांधली होती, तरी तो ती सोडून दवाखान्याचे सगळे केसपेपर पहिल्यापासून चाळत होता. समोर तापाने फणफणलेल्या गावडे आजी. कोणतं इंजेक्शन सोसत नाही, त्यांना आठवेना. डॉक्टर सुई घेऊन थांबलेले.

नलिनी सिस्टर हसल्या. "अहो मॅडम, निम्मा तालुका गावडे! सूचीतून एकेक कागद काढण्यापेक्षा गठ्ठाच चाळलेला परवडतो. आम्ही वाडी विचारतो."

मी वाडीची सूची बांधली. आजी म्हणाल्या, "शिरवणवाडी." संगणकाने लगेच तीच सूची उचलली आणि कागद समोर आला: पेनिसिलीन नको. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

"शिकला म्हणायचा संगणक," सिस्टर म्हणाल्या.

"त्याला येतच होतं," मी म्हणाले. "गावडे मोजायचे माझेच राहिले होते."