विदिनला बघण्यासारखं काय आहे

विदिनला फिरायला जायचं ठरल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबा गेल्यानंतरची मायलेकींची ही पहिलीच सहल. "त्या ओसाड गावात काय बघायचंय?" म्हणून ती नाक मुरडायची आणि तासाभराने पुन्हा विचारायची, "गाडी किती वाजताची म्हणालीस?" रालित्साने किल्ला, नदीकाठ, जेवायची जागा सगळं ठरवलं. किल्ल्यामागच्या गल्लीतून जायचं, एवढाच आईचा हट्ट होता.

गाव बघून रालित्सा हरखलीच. डॅन्यूबच्या काठाने लांबच लांब बाग, पाण्यात पाय सोडून बसलेला किल्ला. आईला मात्र कशाचंच सोयरसुतक नव्हतं. ती गल्लीतल्या दारादारावर चिकटवलेले, गेलेल्या माणसांच्या फोटोंचे कागद वाचत चालली होती. घरातलं कुणी गेलं की दारावर कागद लागतो, दरवर्षी नवा. त्यात कुणी हयगय करत नाही.

"आई, इथे तुझ्या ओळखीचं कोण गेलंय?"

"गप गं. वाचू दे."

शेवटच्या हिरव्या दाराशी आई थांबली. त्यावर एकही कागद नव्हता.



"तू जरा किल्ला बघून ये," असं म्हणून आईने पर्समधून कंगवा काढला.